जानू घाड्याचे दोन आवाज

ही गोष्ट आजवर ज्याला ज्याला सांगितली त्याने ती खोटी ठरवली. तुम्हीही तेच करणार. म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं, की हिच्यातला शब्दन् शब्द खरा आहे. अडचण एवढीच, की ती घडायला अजून आठ-दहा वर्षं अवकाश आहे. पण तेवढ्यासाठी सांगायचं थांबायचं की काय?

तर सिंधुदुर्गात पोयनाळ नावाचं गाव. नकाशात शोधू नका, नकाशा काढणाऱ्याला तिथे पोचण्याआधीच आंब्याच्या कलमांत झोप लागली. गावात रवळनाथाचं देऊळ, आणि देवाशी बोलायचा मान घाड्यांचा. देवदिवाळीच्या सकाळी सगळं गाव देवळात जमतं. घाडी पुढे उभा राहून गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालतो: गुराढोरांची राखण कर, मुंबईतल्या पोराबाळांना सुखी ठेव, चुकलंमाकलं पोटात घाल. प्रत्येक वाक्यामागे सगळं गाव एका दमात म्हणतं, "व्हय म्हाराजा." घाडी काय म्हणाला ते ऐकायची गरज नसते. तो श्वास घ्यायला थांबला की गावाने ओरडायचं. कोणी तंबाखू मळत ओरडतो, कोणी पोराला चापटी देत ओरडतो, म्हातारे तर बसल्या जागी डुलकी काढतात आणि बरोबर ठोक्याला जागे होतात.

त्या वेळचा घाडी म्हणजे जानू. त्याचा आवाज असा, की तो पोयनाळात गाऱ्हाणं घाली आणि खाडीपलीकडची माणसं हातातलं काम टाकून उगाच व्हय म्हाराजा म्हणून मोकळी होत. घरात मात्र ह्या आवाजाला भारी काटकसर. चाय. पाणी. दार लाव. संपला दिवस. त्याची बायको शेवंता. काचबिंदूने तिची नजर गेली त्याला बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे तिचं जग जेवढं ऐकू येईल तेवढंच. त्या जगात नवरा म्हणजे दिवसातून पाच-सहा शब्द आणि एक खोकला.

त्या सुमारास घरोघर कानू आला. कानू म्हणजे नारळाच्या करवंटीएवढी निळी डबी, नादलेख नावाच्या कंपनीची. भिंतीला चिकटवली की झालं. रेशन, पेन्शन, विजेची तक्रार, सातबारा, सगळं तिच्याशी बोलून. शेतात आणि चुलीत राबणाऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजतात, यंत्रावर उमटत नाहीत, म्हणून सरकारने अंगठा सोडला आणि आवाज धरला.

ह्यातलं शास्त्र सोपं आहे. छातीतली हवा वर येते आणि कंठातल्या दोन पडद्यांना थरथरवते. पण तो नुसता भुंग्याचा भुणभुणाट. त्याला माणूस बनवतो तो वरचा रस्ता: घसा, टाळू, नाकामागची पोकळी, पडलेल्या दाताची फट. ज्याचा त्याचा रस्ता वेगळा, म्हणून तर दहा पोरं एकदम रडली तरी आईला आपलं कळतं. कानू काही महिने घरातलं बोलणं ऐके आणि त्यावरून तुमच्या त्या रस्त्याचा साचा काढी. साचा जमला की तुमचं "हो" म्हणजे तुमची सही. कायद्यात ह्याला स्वरमुद्रा म्हणत.

आता गणपतीच्या साच्याचं कसं असतं? एकदा तो हातात आला की त्यात शाडू भरा नाहीतर शेण, बाहेर गणपतीच येतो. जानूच्या घशाचा साचा ज्याच्याकडे, तो त्यात वाटेल ते वाक्य ओतून जानूच्या तोंडचं म्हणून काढू शकत होता. त्यासाठी जानूची परवानगी तेवढी हवी होती.

ती घ्यायला क्षितिजा मसुरकर आली. कुडाळची मुलगी, कंपनीत नोकरीला. चपला बाहेर काढल्या, शेवंताच्या पाया पडली, पडवीत मांडी घालून बसली.

"काका, मी लहानपणी आजोळी आले की तुमचं गाऱ्हाणं ऐकायला धावायचे. अंगावर काटा यायचा."

जानूची मान दोन बोटं वर गेली. क्षितिजाने ती वर गेलेली पाहिली.

"एक विनंती होती. कानू आता गावातलाच झाला ना? त्याचीही चार वाक्यं देवाच्या कानावर घाला. गावाचं भलं होईल."

"देवाक काय गो," जानू म्हणाला, "चार काय नि चाळीस काय."

तिने वाक्यं म्हणून दाखवली. मालवणीत, गाऱ्हाण्याच्या चालीत, अगदी घोटून बसवलेली. जानूला ती एका ऐकण्यात पाठ झाली, आणि त्या देवदिवाळीला त्याने ती घातली.

"बा देवा म्हाराजा, आमच्या घरात जो कानू इलो, तेका आमी आमचो आवाज तुझ्या साक्षीन दिलो आसा."

"व्हय म्हाराजा."

"त्या आवाजात कानू जा काय बोलात, ता आमीच बोललो असा धरून चल."

"व्हय म्हाराजा."

"आणि ह्या आमी राजीखुशीन बोलतंव."

"व्हय म्हाराजा."

देवळाच्या खांबावर एक कानू आधीच चिकटवलेला होता. त्याचा दिवा हिरवा झाला. सगळ्या गावाची सही एका सकाळी झाली. कुठल्याही शहरात ह्याला घरोघर फिरून वर्ष गेलं असतं, आणि निम्म्या लोकांनी दार उघडलं नसतं.

पहिला चमत्कार ग्रामसभेत झाला. गावाच्या डोक्यावर सडा आहे, उघडा कातळाचा माळ. तिथे नादलेखला आपली संगणकांची शेड उभारायची होती, कारण वरचा समुद्राचा वारा यंत्रं थंड ठेवतो. सुनावणीत कानूने गावाची मतं ऐकवली, ज्याची त्याच्या आवाजात. तुकाराम परब आयुष्यात सभेत उभा राहिला नव्हता. त्याने स्वतःला अस्खलित पुणेरी मराठीत विकासावर बोलताना ऐकलं आणि बाजूच्याला कोपर मारून म्हणाला, "ऐकलंस? मी किती बरा बोलतंय."

पण सड्याचा मधला तुकडा शेवंताच्या नावावर होता. बापाने एकुलत्या मुलीला लिहून दिलेला, गवताचा आणि करवंदांच्या जाळ्यांचा. जमीन द्यायची तर मालकाच्या जिवंत घशातून "हो" यावं लागे, साच्यातलं चालत नसे. आणि शेवंता द्यायला तयार नव्हती. डोळे गेल्यावरही ती संध्याकाळी जानूच्या दंडाला धरून वर जाई, वाऱ्यात बसे. तिथे तिला कोणाला काही विचारावं लागत नसे.

एक दिवस जानू कलमांतून परतला तर शेवंता पडवीत एकटीच हसत होती.

"काय झाला हसाक?"

"काय नाय. मगाशी तुमी बोललात ता आठावला."

"मी खय बोललंय? मी कलमांत होतंय."

"थयसूनच बोललात की, कानूवर. जेवलंस काय म्हणून इचारलात."

जानूचा एक पाय पायरीवर, एक खाली, तसाच राहिला. त्याने असलं काही विचारलं नव्हतं. लग्न झाल्यापासून विचारलं नव्हतं, पण ते वेगळं.

त्या दिवसापासून घरात दोन जानू झाले. एक दुपारचा, भिंतीवरचा. तो औषधाची आठवण करी, गुडघा कसा आहे विचारी, आज समुद्र कुठल्या रंगाचा आहे ते सांगे. दुसरा संध्याकाळचा, हाडामासाचा. तो येई आणि म्हणे, चाय. दुपारच्याने घाई केली नाही. पावसाळाभर गोड बोलला, आणि आश्विनात हळूच सड्याच्या विषयावर आला.

"कालच म्हणालात, कातळ घेऊन काय करतलंव, देऊन टाकूया," शेवंता म्हणाली. "आता तुमीच नको म्हणतास?"

"तो मी न्हय गो."

"मगे कोण? आवाज तर तुमचो."

"आवाज माजो. पण मी न्हय."

"ता कसा काय?" शेवंता शांतपणे म्हणाली. "दुपारचे बरे असतास तुमी. सांजचे काय होता कोण जाणे."

जानूने डबी भिंतीवरून उपटली. दुसऱ्या सकाळी रेशनच्या दुकानाने त्याला ओळखलं नाही, आणि शेवंताच्या डोळ्यांचे थेंब आले नाहीत. ते थेंब नसले की तिचं कपाळ ठणकायचं, मग ती भिंतीला डोकं लावून बसायची. संध्याकाळी त्याने डबी परत चिकटवली. काढून उपयोगही नव्हता. शेवंताच्या गळ्यात कानूचं एक पिल्लू होतं, ती पडली-झडली तर कळावं म्हणून. बोलणारा बोलायचा तो तिथूनही बोलत होता.

मग जानूने बोलणंच बंद केलं. त्याचा हिशोब असा, की आपण नवा शब्द दिलाच नाही तर त्याचा साचा शिळा होईल. साचा शिळा झाला नाही. झालं ते एवढंच, की शेवंताशी बोलणारा आता तो भिंतीवरचा एकटाच उरला. जानू उंबऱ्यात बसे आणि आतून आपलाच आवाज बायकोशी गुजगोष्टी करताना ऐके. आणि खरं सांगायचं तर आवाज चुकत कुठेच नव्हता. जानूला जे कधी सुचलं नव्हतं ते सगळं त्याला सुचत होतं. माणसाला दुसऱ्या पुरुषाचा राग येतो, त्याचं काहीतरी करता येतं. स्वतःच्याच गळ्याचा मत्सर आला तर कोणाचा गळा धरणार?

तो कुडाळला क्षितिजाच्या ऑफिसात गेला.

"माजो आवाज माका परत दी."

"काका, दिलाय तो सगळ्या गावाने मिळून. एकट्याचा परत काढता येत नाही."

"मगे कसो काढता येता?"

क्षितिजाने उसासा टाकला. ती वाईट नव्हती, तिची नोकरी तशी होती. "नियम विचारलात तर सांगणं मला बंधनकारक आहे. समूहाची संमती एका वर्षाने त्याच जागी, त्याच रिवाजाने पुन्हा घ्यावी लागते. ती झाली की कायमची. त्या वेळी ऐकणाऱ्यांपैकी एकाने जरी गाऱ्हाण्यातलं कुठलंही वाक्य मोठ्याने नाकारलं, तर समूह मोडला. सगळ्यांचे आवाज सुटले."

"झाला तर. मीच नाय म्हणतंय."

"तुम्ही गाऱ्हाणं घालणारे, काका. ऐकणाऱ्याने म्हणायला हवं. आणि आपणहून. आधी कोणी पढवलं असेल तर ते धरत नाहीत." तिने आवाज खाली आणला. "पढवलेलं लपत नाही. कानू ऐकत असतो. घरात, गोठ्यात, काकींच्या गळ्यात."

जानू उठला. दारापर्यंत गेल्यावर ती मागून म्हणाली, "रागावू नका, पण गाऱ्हाण्यात आजवर कोणी नाही म्हटलेलं तुम्ही ऐकलंय?"

त्याने ऐकलं नव्हतं. त्याच्या बापाने ऐकलं नव्हतं. देवासमोर घाड्याचं वाक्य तोडणारा माणूस पोयनाळात जन्मला नव्हता, आणि जन्मलाच असता तर त्याला गावाने वाळीत टाकलं असतं.

देवदिवाळीची सकाळ उजाडली. देऊळ भरलं. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, शेवंता खांबाला टेकून बसलेली. वर निळी डबी, खाली क्षितिजा हात जोडून उभी. दुपारच्या जानूने आदल्याच दिवशी शेवंताला सांगून ठेवलं होतं, की देवदिवाळी झाली की सड्याचं उरकून घेऊ. आणि शेवंता "बघूया" म्हणाली होती. आजवर ती "नाय" म्हणत होती.

जानूने नारळ ठेवला आणि सुरुवात केली. नेहमीची वाक्यं झाली. मग त्याने खोटं बोलायला घेतलं. पढवणं वर्ज्य होतं, खोटं बोलणं वर्ज्य नव्हतं. एवढ्या मोठ्या थापेला एकजण तरी नाही म्हणेल, एवढाच त्याचा आसरा.

"बा देवा म्हाराजा, औंदा गावात कोणाचा कोणाशी भांडाण झाला नाय."

"व्हय म्हाराजा."

ज्यांची डोकी आठवड्यापूर्वीच बांधावरून फुटली होती ते दोघे भाऊ शेजारी उभे राहून ओरडले.

"सरपंचान रस्त्याचो एक खडोसुद्धा खाल्ल्यान नाय."

"व्हय म्हाराजा." सरपंच सगळ्यांत मोठ्याने.

"परबांच्या म्हशीन इंजिनेराक जलम दिल्यान."

"व्हय म्हाराजा," तुकाराम परब तंबाखू मळत म्हणाला.

 जानूने मागे वळून पाहिलं. सगळी तोंडं नेहमीसारखी, अर्धी उघडी, पुढच्या श्वासाची वाट बघत. त्याने देवालाच हात घातला.

"बा देवा, तू ह्या देवळात नाय. तू मुंबैक कामाक गेलंस, नि हय नुसतो दगड आसा."

गुरवाचे डोळे एवढे मोठे झाले. पण जीभ सवयीची होती. "व्हय म्हाराजा," तोही म्हणाला.

आता जानूचा तोल सुटला. त्याचा तो खाडी ओलांडणारा आवाज फाटला.

"बा देवा म्हाराजा, ह्यो जो तुझ्याफुडे उभो आसा, तो जानू घाडी मागच्या वरसाकच मेलो."

"व्हय म्हाराजा."

खांबावरचा दिवा लुकलुकला. क्षितिजाने हातातल्या पडद्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. सगळ्या गावाने स्वरमुद्रेनिशी साक्ष दिली होती. सरकारी नोंदीत जानू घाडी त्या क्षणी मेला.

"काका," ती पुढे होऊन पुटपुटली, "हे काय केलंत? मेलेल्या माणसाचा आवाज कंपनीकडेच राहतो. समूह मोडला तरी राहतो. आता वाक्य तुमचंच नाकारलं गेलं पाहिजे, तुमच्या आवाजाबद्दलचं. नाहीतर संपलं."

आता उरली होती ती मागच्या वर्षीची वाक्यं. ती म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नव्हतं, आणि ती म्हटली की सगळं कायमचं होणार होतं. जानूने देवाकडे पाहिलं.   थापा संपल्या होत्या, युक्ती संपली होती. त्याने डोळे मिटले आणि हलक्या आवाजात, घरात बोलायचा त्या आवाजात, म्हणाला,

"बा देवा म्हाराजा. औंदा वरसभर माझ्या आवाजात माझ्या बायलेशी जो कोण बोललो, तो मीच."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणालं.

"खोटा."

सगळ्या माना बायकांच्या बाजूला वळल्या. खांबावरचा दिवा विझला; समूह मोडला, जानूचा आवाजही सुटला. खांबाला टेकलेली शेवंता उभी राहिली होती, आणि तोंड बरोबर जानूच्या दिशेला होतं.

"खोटा बोलता म्हातारो, देवाफुडे. तो दुपारचो माका शेवंता म्हणान हाक मारता. ह्या मेल्यान लगीन झाल्यापासून माका एकदाय नावान हाक मारूक नाय." "मी वरसभर ऐकत रवलंय, ता बरा वाटला म्हणान."